शेवटच्या पिढीतला ४के प्लेअर : दहा महिने वापरल्यानंतर

सातव्या महिन्यात एक नवी कोरी डिस्क घातली आणि पडद्यावर ‘लोड होत आहे’ हे चक्र जे फिरायला लागलं ते थांबेचना. पाच मिनिटं वाट पाहिली, डिस्क काढली, पुसली, पुन्हा घातली. तेच. वायर काढून परत लावली. तेच. तोवर मी या प्लेअरचं इतकं कौतुक करत होतो की हा अनुभव तिसऱ्या महिन्यात लिहायला घेतला असता तर पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं तेव्हा आळस केला.

आधीचा ब्लू-रे प्लेअर अकरा वर्षं चालला आणि गेला तोही अर्धाच. डीव्हीडी, सीडी व्यवस्थित लागायच्या. ब्लू-रे घातली की ‘डिस्क ओळखता येत नाही’. कारण उघड होतं. तिन्ही प्रकारांना वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर लागतात : सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. पिकअप (डिस्क वाचणारा लेझर-भिंगांचा भाग) एकच असला तरी हे तिघं एका वेळी म्हातारे होत नाहीत. माझा निळा आधी गेला. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, “हा पिकअप आता येत नाही. दुसऱ्या एखाद्या बंद पडलेल्या प्लेअरमधला काढून बसवतो, पण त्याच्यातही किती जीव उरलाय ते मला सांगता येणार नाही.” म्हणून नवा घ्यायला निघालो.

निघालो खरा, पण निवडायला काय उरलंय हे तेव्हा कळलं. ज्याच्या प्लेअरचं नाव अजूनही लोक आदराने घेतात त्या ओप्पोने एप्रिल २०१८ मध्येच नवे प्लेअर बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या, म्हणजे ४के डिस्कच्या, अगदी सुरुवातीच्या प्लेअरांपैकी एक २०१६ साली बाजारात आणणारी सॅमसंग तीनच वर्षांनी, २०१९ मध्ये, अमेरिकेत नवी मॉडेलं आणणार नाही म्हणाली. २०२४ च्या अखेरीस एलजीनेही आपले यूबीके८० आणि यूबीके९० हे प्लेअर गुंडाळले. मोठ्यांपैकी सोनी आणि पॅनासॉनिक उरल्या, आणि त्यांचीही जी मॉडेलं सर्रास सुचवली जातात ती पाहिली तर काही २०१८ च्या आसपासची. मॅग्नेटारसारखे नवे लोक आलेत, पण ते हौशी मंडळींसाठी भारी यंत्रं बनवतात. मी घेतलेला प्लेअर बंद झालेल्या मॉडेलांपैकी आहे, शिल्लक साठ्यातला. पुढे तक्रारी येणार आहेत आणि त्या माझ्या एका नगाबद्दलच्या आहेत, म्हणून कंपनीचं नाव घेत नाही.

चित्र आणि आवाज याबद्दल फार लिहीत बसत नाही, कारण त्यासाठीच तर हा खटाटोप. स्ट्रीमिंगवर ४के साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंदात बसवतात. १०० जीबीच्या तीन थरांच्या डिस्कला १२८ पर्यंत जायची मुभा आहे. फरक स्थिर चेहऱ्यात दिसत नाही. पाऊस, धूर, पाण्यावरची लकाकी, अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर हळूहळू विरत जाणारा उजेड, तिथे दिसतो. स्ट्रीमिंगवर त्या भिंतीवर पट्टे उमटतात, डिस्कवर नाहीत. आवाजाचा फरक मला चित्रापेक्षाही जास्त जाणवला. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज) दाबून, काटछाट करून आलेला असतो. डिस्कवरच्या ट्रूएचडी या आवाजाच्या स्वरूपात काही गाळलेलं नसतं. आवाजासाठी वेगळं दुसरं एचडीएमआय आउटपुट आहे, त्यामुळे ४के न समजणारा माझा जुना ॲम्प्लिफायर कामात राहिला. इथे दहापैकी दहा.

आता त्या अडकलेल्या डिस्कची गोष्ट.

प्लेअरच्या मेनूत जाऊन नेटवर्कवरून अपडेट तपासलं. ‘आपलं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे.’ कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल शोधलं तर ते नेहमीच्या यादीतून उचलून ‘बंद उत्पादने’ या कोपऱ्यात ठेवलेलं. तिथे मात्र माझ्यापेक्षा एक आवृत्ती पुढचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) होतं! सोबत एकच ओळ : काही डिस्कच्या सुसंगततेत सुधारणा. ग्राहक सेवेच्या चॅटवर विचारलं की प्लेअरला हे स्वतःहून का दिसत नाही. पलीकडून उत्तर आलं की हे मॉडेल आता बंद आहे, आपण नवं मॉडेल पाहावं. मी विचारलं, “नवं कुठलं? तुमच्याकडे तर ४के प्लेअरच उरलेला नाही.” यावर चॅट संपलं.

फाइल उतरवली, पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला (त्याशिवाय प्लेअरला तो दिसतच नाही, हे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात आहे), फाइल बाहेरच, कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता ठेवली आणि प्लेअरला लावली. दहा मिनिटं पोटात गोळा. नंतर डिस्क लागली, पहिल्या फटक्यात.

डिस्क प्लेअर म्हणजे टोस्टर, एकदा घेतला की कंपनीशी संबंध संपला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते सीडीपुरतं खरं होतं. १९८२ साली निघालेली सीडी आजच्या यंत्रात घातली तर दोघांना तिसऱ्या कुणाला काही विचारावं लागत नाही. बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर मेनूसाठी जावा भाषेतला आख्खा प्रोग्रॅम असतो आणि तो प्लेअरच्या सॉफ्टवेअरवर चालतो. वर एएसीएसचं, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेचं, कुलूप. प्रत्येक डिस्कवर चाव्यांचा एक संच असतो आणि ज्या चाव्या फुटल्या असं ठरतं त्या पुढच्या डिस्कवर बाद केल्या जातात. २००७ मध्ये संगणकावरच्या एका सॉफ्टवेअर प्लेअरच्या चाव्या बाहेर आल्या तेव्हा नेमकं हेच केलं गेलं. ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना नव्या आवृत्तीशिवाय नवे चित्रपट लागेनात. टीव्हीखालच्या डब्याला हा फास तितका आवळलेला नाही, पण आज छापली गेलेली डिस्क आठ वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरला कळेलच याची हमी कुणी देत नाही. जुन्या डिस्क माझ्याकडे आहेत तोवर चालतील. नव्यांचं कंपनीच्या मर्जीवर.

संगणकाचा रस्ता आधीच बंद झालाय, हेही सांगून टाकतो, कारण ‘त्यापेक्षा ड्राइव्ह घे ना’ असा सल्ला मला दोघांनी दिला. संगणकावर अधिकृतपणे ४के डिस्क पाहायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागायची. इंटेलने अकराव्या पिढीपासून ती डेस्कटॉप प्रोसेसरमधून काढून टाकली. म्हणजे संगणक जितका नवा तितकी पंचाईत. गेम कन्सोल हा दुसरा पर्याय. माझ्या मुलीकडे आहे आणि तो डिस्क चालवतोही, पण डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक उजेड आणि रंग जुळवणारं तंत्र) डिस्कवरून देत नाही. पीएस५ ला सुटी मिळणारी ड्राइव्ह जोडायची तर पहिल्यांदा इंटरनेटवरून सोनीच्या सर्व्हरशी ओळख पटवावी लागते. तो सर्व्हर उद्या बंद झाला तर नवी ड्राइव्ह बसवायची कशी, हा प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही वीस वर्षांनंतरचं कशाला बघताय?” मी वीस नाही, आठ वर्षांनंतरचं बघत होतो.

प्रत्यक्ष यंत्राबद्दल. ट्रे प्लास्टिकचा, हलका, उघडताना किंचित डुलतो. जुन्याच्या ट्रेशी तुलना केली तर खेळण्यातला वाटतो. चालू व्हायला अर्धं मिनिट. पंखा नाही, त्यामुळे शांत, पण दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की वरचं झाकण चांगलं तापतं. माझ्या मते याचा पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरना जाच होणार. मी वर ठेवलेला सेट टॉप बॉक्स हलवला आणि चारी बाजूंनी बोटभर जागा सोडली. जावावाल्या डिस्क बंद केल्यावर जिथे सोडलं तिथून पुन्हा सुरू होत नाहीत, प्रत्येक वेळी इशारे, लोगो, मेनू सगळं आलं. हा दोष फक्त या प्लेअरचा नाही, पण राग यायचा तो येतोच. सोबत आलेली स्ट्रीमिंग ॲप्स मी मोजत नाही. चौथ्या महिन्यात त्यातलं एक उघडेनासं झालं. ती असतातच अल्पायुषी : यूट्यूबने २०१५ मध्ये जुना इंटरफेस बंद केला तेव्हा कितीतरी टीव्ही आणि प्लेअरमधलं ते बटण एका झटक्यात निकामी झालं होतं.

अडखळण्याचा त्रास मात्र खरा आहे. ५० आणि ६६ जीबीच्या डिस्कनी कधी दगा दिला नाही. १०० जीबीच्या माझ्याकडे अकरा आहेत, त्यातल्या तीन मध्येच थिजल्या. लेझर एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारतो त्या सुमारास हे होतं असा माझा अंदाज, कारण एका डिस्कवर ते नेहमी एक तास बारा मिनिटांनीच होतं. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो (सीडीत १.२), त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा तेलकट थरही याला बाधतो, आणि कारखान्यातून आलेल्या कोऱ्या डिस्कवरही तो थर असू शकतो. कोमट पाणी, थेंबभर भांडी घासायचा लिक्विड साबण, मऊ मायक्रोफायबर, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही. दोन डिस्क यानेच सुधारल्या. तिसरी नाही. तिच्यावर मी पुढच्या चॅप्टरवर उडी मारून दीड मिनिट मागे येतो. ब्रश चिकटवलेल्या ‘लेन्स क्लीनर’ डिस्कच्या नादी लागू नका.

नेटवर्क मी कायमचं तोडलंय. याला कारण आहे. जून २०२० मध्ये सॅमसंगचे अनेक प्लेअर आणि होम थिएटर जगभर एकाच वेळी चालू-बंद, चालू-बंद करत बसले. सर्व्हरवरून आपोआप उतरलेल्या एका लहानशा एक्सएमएल फाइलने ते सुरू होतानाच कोसळत होते, आणि ते इतक्या आधी कोसळत की घरबसल्या दुरुस्तीचं फर्मवेअर टाकायलाही वाव नव्हता. यंत्रं दुरुस्तीला पाठवावी लागली. तेव्हा सॅमसंगने निदान ती घेतली तरी. बंद केलेल्या मॉडेलचं असं झालं तर कोण घेणार? त्यामुळे केबल काढली, बीडी-लाइव्ह ही डिस्कसोबत इंटरनेटवरून जादा गोष्टी आणणारी सोय बंद केली (त्यातून काही पाहण्यासारखं मिळायचे दिवस केव्हाच गेले), आणि फर्मवेअरची शेवटची आणि त्याआधीची अशा दोन्ही फाइली दोन ठिकाणी जपून ठेवल्या. आता दर दोन-तीन महिन्यांनी संकेतस्थळावर डोकावतो. ते पानच एक दिवस गायब होईल असं धरून चाललोय.

फर्मवेअरपेक्षा रिमोट आधी दगा देईल, हे मात्र लक्षात आलं नव्हतं. प्लेअरच्या तोंडावर दोनच बटणं आहेत : चालू-बंद आणि ट्रे. भाषा, सबटायटल, चित्राची सेटिंग सगळं रिमोटवर. आठव्या महिन्यात तो पडला आणि मधलं ‘ओके’ बटण घट्ट झालं. मूळ रिमोट कुठेच मिळेना. टीव्हीच्या रिमोटने एचडीएमआयमधूनच बरंच काम होतं, पण सेटिंगच्या मेनूत शिरता येत नाही. शेवटी शिकाऊ रिमोट आणला, जुन्याची एकेक कळ त्याला शिकवली. बॅटरी नव्या असतील तर हे काम आज करा, रिमोट धड आहे तोवर. मोडल्यावर शिकवणार कुठून?

व्हीसीआर आठवतो. व्हीएचएस १९७६ मध्ये आलं आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाईने २०१६ च्या जुलैत काम थांबवलं, चाळीस वर्षांनी. त्यांनी सांगितलेल्या कारणांत मागणी घटल्याच्या बरोबरीने सुटे भाग मिळेनासे झाल्याचं कारण होतं. ब्लू-रे २००६ चं आहे. ४० वर्षं सोडा, विसाव्या वर्षीच बनवणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

मग घ्यावा का? ज्याच्याकडे पन्नास-शंभर डिस्क आहेत त्याने आत्ताच घ्यावा, आणि अजून बनत असलेल्या मॉडेलांपैकी घ्यावा. माझी चूक तीच झाली. वैशिष्ट्यांची यादी पाहून मी बंद झालेलं मॉडेल उचललं, त्या यादीत ‘पाठीशी कोण आहे’ हा रकाना नसतो. ओप्पोने बंद करतानाच दुरुस्ती आणि फर्मवेअर चालू ठेवू असं सांगितलं होतं. माझ्या कंपनीने मॉडेल नुसतं यादीतून उचललं. ज्याच्याकडे एकही डिस्क नाही आणि जो वर्षाला चार चित्रपट पाहतो, त्याने या फंदात पडू नये. मित्र म्हणतो तसा तोच प्लेअर आणखी एक घेऊन खोक्यात ठेवायचाही विचार केला होता. पण ट्रेचा रबरी पट्टा खोक्यातही कडक होतो आणि कपॅसिटर न वापरताही वाळतात, म्हणून सोडून दिला.

पाचपैकी साडेतीन. चित्र-आवाजाचे पूर्ण, बाकीचं त्या चॅटने कापलं.

जुना प्लेअर टाकला नाही. त्याचा लाल लेझर अजून धडधाकट आहे, म्हणून डीव्हीडी सगळ्या त्याच्यावरच लावतो. नव्याच्या ट्रेची आणि मोटरची तेवढीच झीज वाचते. ट्रेचं बटण दोनदा दाबावं लागतं आणि दुसऱ्यांदा झाकणावर हलकी टपली, मग उघडतो.