एक पानी नियमावली आणि तेजीचे सोळा महिने : वापरानंतरचा अनुभव

सोळा महिन्यांपूर्वी मी माझ्या दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीसाठी एका पानाची लिखित नियमावली तयार केली आणि तेव्हापासून एक अपवाद सोडता सगळे व्यवहार तिच्याच आधाराने केले. हा जवळजवळ सगळा काळ तेजीचा गेला, त्यामुळे हा अनुभव तेजीपुरताच समजावा. मोठ्या घसरणीत हे पान किती टिकते, ते मी अजून पाहिलेले नाही.

नियम साधे होते. एकूण रकमेपैकी ६० टक्के समभागांत (शेअरमध्ये), तेही व्यापक निर्देशांक फंडांतून, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले सगळे समभाग त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडांतून, आणि ४० टक्के रोखे (ठरलेले व्याज देणारी कर्जपत्रे, म्हणजे बाँड) व मुदत ठेवींत. ठरलेली मासिक रक्कम ठरलेल्या तारखेला याच प्रमाणात गुंतवायची. प्रमाण सहा महिन्यांनी एकदाच तपासायचे आणि समभागांचा वाटा ६५ च्या वर किंवा ५५ च्या खाली गेला असेल तर तो ६० वर आणायचा. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा समभागांत घालायचा नाही. शेवटची ओळ मी लाल शाईने अधोरेखित केली होती : बाजार पडला म्हणून विकायचे नाही.

या अधोरेखित ओळीची सोळा महिन्यांत एकदाही गरज पडली नाही. पान लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त घसरणीची भीती होती आणि तेजीने विचारलेल्या प्रश्नांसाठी त्यावर एकही शब्द नव्हता. मासिक रक्कम दुप्पट का करू नये? रोख्यांत ४० टक्के पैसा अडकवून का ठेवायचा? ज्यांनी एकाच क्षेत्रातले समभाग घेतले त्यांचे पैसे वर्षात दुप्पट झाले, मग आपणच मागे का राहायचे? हे प्रश्न रोज कोणाच्या ना कोणाच्या बोलण्यातून कानावर पडत होते आणि त्यांना उत्तर देताना माझी दमछाक होत होती.

सातव्या महिन्यात मी नियम मोडला. घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतला तिसरा हिस्सा मी त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या एका क्षेत्राच्या फंडात घातला. ही दुरुस्ती दीड वर्षात करायची होती, म्हणजे पाच वर्षांचा नियम सरळसरळ धाब्यावर बसवला होता. सहा आठवड्यांत त्या फंडाचे मूल्य २२ टक्क्यांनी घसरले, आणि तेही एकूण बाजार वर जात असताना. मी तोटा सोसून बाहेर पडले आणि पानावर नवा नियम लिहिला : मनात आलेली कोणतीही नवी खरेदी आधी कारणासह वहीत लिहायची आणि ३० दिवस थांबायचे. त्यानंतर अशा चार नोंदी झाल्या. त्यांपैकी तीन नोंदींची कारणे महिन्याभराने वाचताना मलाच पटली नाहीत. चौथी अजून विचाराधीन आहे.

खरी कसोटी दहाव्या महिन्यातल्या तपासणीत लागली. समभागांचा वाटा ६७ निघाला. नियमाप्रमाणे समभागांतला सुमारे दहावा हिस्सा विकून रोख्यांत घालायचा होता, म्हणजे जे सर्वांत छान चालले आहे तेच विकायचे. विक्रीचा आदेश भरून मी पूर्ण संध्याकाळ तो न पाठवता बसून राहिले. शेवटी निर्णय झाला तो टक्केवारी बाजूला ठेवून केलेल्या एका आकडेमोडीमुळे. सुरुवातीला माझी गुंतवणूक घरखर्चाच्या ७५ महिन्यांइतकी होती. समभागांत ४० टक्के घसरण झाली असती तर १८ महिन्यांचा खर्च बुडाला असता. आता एकूण १०० महिन्यांपैकी ६७ समभागांत होते, म्हणून तेवढ्याच घसरणीत जवळजवळ २७ महिने गेले असते. मी काहीही नवे न करता माझी जोखीम दीडपट झाली होती. विशेष म्हणजे त्याच आठवड्यात जोखीम सोसण्याच्या तयारीची एक प्रश्नावली मी पुन्हा भरली, तेव्हा पहिल्यापेक्षा कितीतरी धीट उत्तरे दिली. तेजीत दिलेल्या अशा उत्तरांवर विसंबू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

उलट बाजूचा मोहही सांगायला हवा, कारण 'सगळे विकून मोकळे व्हावे' हा विचारही मला दोनदा आला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ रोजी बाजारातील अविवेकी उत्साहाबद्दल इशारा दिला, तेव्हा अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक ७४५ च्या आसपास होता. मार्च २००० मध्ये तो १,५०० च्या पुढे गेला आणि नंतरच्या घसरणीत ऑक्टोबर २००२ मध्ये तळ गाठला, तोही ७७५ च्या वरच. इशाऱ्यानंतर बाहेर पडलेल्याला त्या तळालाही स्वस्तात परतता आले नसते; इशाऱ्याच्या वेळेइतकी खालची पातळी थेट २००९ च्या सुरुवातीला आली. मात्र त्याच तेजीत सर्वस्व एका बाजूला लावणाऱ्यांचे काय झाले, तेही मी वहीत लिहून ठेवले आहे. अमेरिकेचाच, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक निर्देशांक मार्च २००० मधल्या ५,०४८ वरून ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला आणि जुनी पातळी गाठायला त्याला २०१५ उजाडावे लागले. जपानच्या निक्केई या शेअर निर्देशांकाने १९८९ च्या अखेरीस गाठलेला उच्चांक तर फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी ओलांडला गेला. या दोन्ही टोकांच्या मधोमध उभे राहण्यासाठी ठरलेले प्रमाण मला सर्वांत विश्वासाचे वाटते.

एक तक्रार आहे. विक्रीवरचा कर आणि शुल्क यांचा विचार मी पान लिहिताना केलाच नव्हता. आता वाटा ६५ च्या जवळ येऊ लागला की आधी नवी मासिक रक्कम फक्त रोख्यांकडे वळवायची आणि तेवढ्याने भागले नाही तरच विकायचे, अशी दुरुस्ती केली आहे. पानातला कोणताही बदल लिहिल्यापासून तीन महिन्यांनीच लागू होतो, त्यामुळे ही दुरुस्ती पुढच्या तपासणीपासून अमलात येईल.

दहाव्या महिन्यातल्या त्या विक्रीनंतर समभाग आणखी ९ टक्के वर गेले. जे विकले ते तसेच ठेवले असते तर, रोख्यांवरचे व्याज वजा जाता, आज माझ्याकडे सुमारे १५ दिवसांच्या घरखर्चाइतकी रक्कम जास्त असती. तोच हिस्सा ४० टक्के घसरला असता तर पावणेतीन महिन्यांचा खर्च गेला असता, आणि तेवढ्यासाठी १५ दिवसांची किंमत मला रास्त वाटते. गेल्या आठवड्यातील तिसऱ्या तपासणीत समभागांचा वाटा ६२ निघाला. काही करायचे नव्हते, म्हणून तारीख आणि आकडा लिहून मी वही मिटली.