ताप आला तर इथेच जा, पण रिपोर्टची वाट पाहत बसू नका – आमच्या वस्तीतलं सरकारी आरोग्य केंद्र (5 पैकी 3 स्टार)

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण तिथली माणसं चांगली आहेत, आणि माझी तक्रार त्यांच्यावर नाहीच.

ऑगस्टमध्ये पुतण्याला ताप भरला, 11 वर्षांचा आहे, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाला तेव्हाच वहिनी घाबरली. तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात घेऊन गेलो. सिस्टरने पहिला प्रश्न विचारला, ताप नेमका कोणत्या दिवशी आला? ते महत्त्वाचं असतं, पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-वन टेस्ट करतात आणि त्यानंतर आयजीएम, दिवस चुकला तर टेस्ट निगेटिव्ह येऊन माणूस निर्धास्त होतो. रक्त घेतलं, पैसे शून्य.

डॉक्टर मॅडमना तर माझ्याकडून पूर्ण पाच स्टार. त्या रिपोर्टसाठी थांबल्याच नाहीत. फक्त पॅरासिटामॉल द्या, ब्रुफेन-अॅस्पिरिन अजिबात नको, रोज सीबीसी (रक्तातल्या पेशी, प्लेटलेट मोजायची साधी टेस्ट) करा, आणि ताप उतरला की खुश होऊ नका, खरा धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो, पोट जोरात दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर सरळ मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठा. हे सगळं बाहेर 60-70 जणांची लाइन असताना, वहिनीला समजेपर्यंत दोनदा सांगितलं.

आता दोन स्टार कुठे गेले ते सांगतो. केंद्रात एलायझा (डेंग्यूची ही टेस्ट ज्या मशीनवर पक्की करतात ती पद्धत) होत नाही, सॅम्पल मोठ्या लॅबला जातं, तिथे बरेच सॅम्पल जमले की मशीन लावतात, त्यामुळे रिपोर्ट आला सहाव्या दिवशी. पॉझिटिव्ह. तोवर पोरगा उठून बसला होता हे आमचं नशीब. पण रिपोर्ट नाही म्हणून गल्लीत डासांच्या अळ्यांची तपासणी नाही, आणि रिपोर्ट आल्यावरही सर्व्हेवाली ताई आली ती आणखी तीन दिवसांनी. म्हणजे एकूण नऊ दिवस. अंड्यातून निघालेल्या अळीचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आपण कागद फिरवत होतो तेवढ्यात एक अख्खी पिढी उडून गेली, शेजारच्या घरात दोघं तापाने पडले.

त्या ताईने टॉर्च मारून अळ्या दाखवल्या त्या आमच्याच कूलरमध्ये. मार्चला लावलेला कूलर पावसाळ्यातही खिडकीत तसाच, नागपुरात कोणाचा नसतो? ती म्हणाली, "भाऊ, नुसता रिकामा करून नाही होत, घासा लागते, अंडी टाकीले चिकटून राह्यतात." ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. मी विचारलं हे सांगायला मे महिन्यात काहून नाही आल्या? तर ती कंत्राटावर, जुलैला घेतात आणि नोव्हेंबरला सोडतात, त्यातही दोन महिन्यांचा पगार अडकलेला.

माझा सगळा राग इथे आहे. पैसा नाही असं कोणी म्हणू नये. 2021 मध्ये केंद्र सरकारने साथींच्या तयारीसाठी, जिल्ह्या-जिल्ह्यात लॅब आणि क्रिटिकल केअर ब्लॉकसाठी 64,180 कोटींची योजना आणली, 15व्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी पाच वर्षांत 70,051 कोटी सुचवले. आपल्या नागपुरात डिसेंबर 2022 मध्ये वन हेल्थ संस्थेची (माणसांचे आणि जनावरांचे आजार एकत्र अभ्यासायची) पायाभरणी झाली, 110 कोटींच्या वर खर्च. मला ती संस्था हवीच आहे, चांदीपुरा व्हायरसला नावच नागपूरजवळच्या गावाचं आहे, 1965 मध्ये सापडला आणि 2024 मध्ये गुजरातेत लेकरं गेली त्याने. आणि आपल्याकडे डोकं कमी नाही, नाकात काडी न घालता गुळणीच्या पाण्यावर कोविडची आरटीपीसीआर करायची पद्धत 2021 मध्ये आपल्या नागपूरच्या नीरीनेच (पर्यावरण संशोधन संस्था) काढली ना. पण इमारतीचा पैसा मंजूर होतो आणि टॉर्च घेऊन घरोघरी फिरणाऱ्या पोरीला बारा महिने ठेवायचा होत नाही, साथ पेपरात आली की मग फॉगिंगच्या गाड्या धूर सोडत फिरतात. धुराने उडणारा डास मरतो, टाकीतली अळी तशीच राहते. ही ताई एप्रिलमध्ये आली असती तर पुतण्या कदाचित आजारीच पडला नसता, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

असो, ताप आला तर जा, नक्की जा. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर उभं राहायलाही जागा नसते. रोजच्या सीबीसीचा रिपोर्ट मात्र त्याच संध्याकाळी मिळतो, तो फोटो काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी दुसरे डॉक्टर असले तर कामी येतो. आणि ताप कोणत्या तारखेला, किती वाजता आला ते लिहून न्या, सिस्टर पहिलं तेच विचारते.