निंबोळी, भुईमूग, सरकी की एरंडी? नागपूरच्या काळ्या मातीला कोणती ढेप मानवते

दुकानात गेलं की पहिला घोळ शब्दांचाच होतो. आपल्याकडे ढेप म्हटली की ती गायीम्हशींची आणि पेंड म्हटली की झाडांची. वस्तू मात्र एकच, बियांतून तेल काढून उरलेला चोथा. घरामागे चार वाफे किंवा गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत, युरिया घालायचा नाही, हाडांचा चुरा घरात चालत नाही, अशांसाठी नत्राचा (नायट्रोजनचा) सगळ्यात सोपा मार्ग हाच. प्रश्न एवढाच की कोणती घ्यायची.

नत्राचे आकडे आधी पाहून घेऊ. भुईमुगाच्या ढेपेत साधारण 7 टक्के नत्र असतं. सोयाबीनच्या पेंडेतही तेवढंच. निंबोळी आणि मोहरी 5 च्या आसपास, जवसाची ढेपही त्यांच्याच पंगतीत. एरंडी 4 च्या थोडी वर, करंज आणि टरफलासकटची सरकी 4 च्या जवळ. मोहाची पेंड सगळ्यात मागे, अडीच टक्के. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) सगळ्यांतच एक-दोन टक्के, त्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

आता दहा चौरस मीटरचा वाफा धरा. वांगी-टोमॅटोसारख्या खादाड पिकाला तिथे शंभर ग्रॅम नत्र पुरे. म्हणजे भुईमुगाची ढेप दीड किलोला थोडी कमी, निंबोळी दोन किलो, करंज अडीच, मोह चार. भाव विचारताना हे गणित डोक्यात ठेवा. उदाहरणापुरतं, निंबोळी चाळीस रुपये किलो आणि भुईमूग साठ असेल, तर वाफ्याला खर्च ऐंशी आणि सुमारे शहाऐंशी. किलोचा भाव पाहून जी महाग वाटते ती प्रत्यक्षात जवळपास तेवढ्यालाच पडते. शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर घालत असाल तर हे माप सरळ निम्मं करा.

पण नागपुरात आकड्यांपेक्षा माती जास्त बोलते. आपली काळी माती बहुधा विम्लधर्मी, सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ, खाली चुनखडीचे खडे. अशा मातीवर ढेप नुसती भुरभुरून ठेवली तर तिच्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, आणि ते जातंय हे नाकाला कळतंही. म्हणून ढेप कोणतीही असो, दोन-तीन इंच मातीआड गेली पाहिजे. शिवाय ढेपेने माती भुसभुशीत होत नाही. ते काम कुटाराचं (भुशाचं), पालापाचोळ्याचं आणि शेणखताचं. चिकट मातीत नुसती पेंड ओतत राहणं म्हणजे जेवणात फक्त डाळ वाढण्यासारखं आहे.

माझा कौल निंबोळीला आहे, आणि कारण नत्र नव्हे. निंबोळीची पेंड सावकाश सुटते. तिच्यातले कडू घटक मातीतल्या नत्राचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा वेग कमी करतात. 2015 पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा थर सक्तीचा झाला, त्यामागे हाही गुण होता. जुलैत इथे पाऊस कोसळतो तेव्हा नायट्रेट पाण्याबरोबर निघून जातं, त्यामुळे ही सावकाशी आपल्या कामाची. दुसरं म्हणजे सूत्रकृमी, मुळांना गाठी आणणारे मातीतले बारीक कृमी. टोमॅटो किंवा वांग्याचं सुकलेलं झाड उपटल्यावर मुळांवर गाठीच गाठी दिसल्या असतील, तर पुढच्या वेळी त्या जागी दुसरी कुठलीही ढेप घालू नका, निंबोळीच घाला. तिची एक खोट आहे. पीक आत्ता पिवळं पडलंय आणि आठवड्यात हिरवं हवंय, तर ती उपयोगाची नाही.

तिथे भुईमुगाची ढेप लागते. उन्हाळी भेंडी, पालक, पाचव्या पानावर अडून बसलेली वांग्याची रोपं यांना तिच्यासारखी धाव कोणी देत नाही. शंभर ग्रॅम ढेप लिटरभर पाण्यात दोन-तीन दिवस सावलीत भिजवायची, दहापट पाणी घालायचं आणि ओल्या मातीत ओतायचं. भांड्याला फडकं बांधा, एक तर वासासाठी आणि दुसरं डासांसाठी. डेंग्यूच्या दिवसांत गच्चीवर उघडं पाणी ठेवणं बरं नव्हे.

भुईमुगाची ढेप मला एकदा भोवलीसुद्धा. ऑक्टोबरात सांबार (कोथिंबीर) पेरताना वाफ्यात ताजी ढेप मिसळली आणि त्याच दिवशी बी टाकलं. दहा दिवसांनी कडेकडेने कोंब आले, मधला पट्टा मोकळा. उकरून पाहिलं तर ढेपेच्या ढेकळांभोवती पांढरी बुरशी आणि त्यात मऊ पडलेलं बी. कुजताना निघणारा अमोनिया कोवळ्या मुळाला जाळतो. तेव्हापासून पेरणी आणि ढेप यांत दोन ते तीन आठवडे ठेवतो. रोप लावताना खड्ड्यात तळाशी घातली तरी वर चांगला मातीचा थर देतो. आणखी एक म्हणजे भुईमुगाच्या वासाला मुंग्या, उंदीर, खारी सगळेच येतात. गच्चीवर उंदरांचा त्रास असेल तर हा पर्याय सोडा.

सरकीची ढेप विदर्भात कुठेही मिळते, आणि म्हणूनच मोह होतो. पण कापसावर फवारण्या किती होतात हे आपल्याला सांगायला नको, आणि इथला जवळजवळ सगळा कापूस बीटी. सेंद्रियच्या कडक नियमांत जनुकबदल केलेल्या पिकाचा माल बसत नाही. घरच्या बागेला कोणी प्रमाणपत्र मागत नाही, तरी मनाला खटकत असेल तर घेऊ नका. सरकीने माती आम्ल होते असं ऐकून कोणी ती चुनखडीच्या जमिनीवर उपाय म्हणून घालत असेल, तर व्यर्थ. खालचा चुना ती आम्लता केव्हाच गिळून टाकतो.

सोयाबीनची पेंड बहुधा डीओसी म्हणून येते, म्हणजे तेल जवळजवळ पूर्ण काढलेली. ती झपाट्याने कुजते आणि वासही तसाच झपाट्याने मारते. गुण भुईमुगाचेच, त्यामुळे त्यात जी स्वस्त मिळेल ती घ्या. तेलघाण्याच्या ढेपेत मात्र सात-आठ टक्के तेल उरलेलं असतं, ती हळू कुजते. विचारून घ्या.

एरंडीबद्दल मी आडपडदा ठेवत नाही. तिच्यात रायसिन नावाचं विष असतं. घरात कुत्रा असेल, गाय चरायला येत असेल किंवा रांगतं मूल असेल, तर एरंडी नको. मिश्र पेंडेच्या पाकिटातही ती असू शकते, मागची बाजू वाचा. मोहाची पेंड स्वस्त, पण तिच्यातले सॅपोनिन मासे मारायला वापरतात आणि हिरवळीतले गांडूळ वर काढायलाही. ज्याने गांडुळांसाठी वर्षभर पालापाचोळा जिरवला, त्याने ती का घालावी? करंज ही निंबोळीची धाकटी बहीण. निंबोळी मिळाली नाही तर चालेल.

ऑनलाइन दिसणारी लसूणघासाची पूड आणि समुद्री शेवाळाची पूड चांगली असते, पण नत्रात भुईमूग-निंबोळीच्या मागेच, मग वाहतुकीचे पैसे देऊन कशाला आणायची?

खरा धोका भेसळीचा. निंबोळीत माती आणि वाळू सर्रास मिसळतात. इतवारी बाजारातून एकदा घेतलेल्या पाच किलोंपैकी चमचाभर काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळली. पाच मिनिटांत तळाशी करकरीत वाळूचा थर बसला, बोटाला खडे लागले. चांगली पेंड फुगते, पाणी तपकिरी होतं, वर तेलाचा किंचित तवंग येतो. चिमूटभर जिभेवर ठेवा, कडू लागून थुंकावंसं वाटलं तर माल खरा. ही जिभेची परीक्षा फक्त निंबोळीची, एरंडी चाखायला जाऊ नका.

वेळेचं म्हणाल तर नवतप्याच्या (मे अखेरच्या) उन्हात कोरड्या कुंडीत काहीही घालू नका. ओल नसेल तर ढेप कुजत नाही, नुसती मुंग्या बोलावते. मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर निंबोळी घाला, बारा इंची कुंडीला एक मूठ. ऑक्टोबरात रब्बीसाठी पुन्हा एक. थंडीत कुजणं मंदावतं, म्हणून डिसेंबरात पिकं रेंगाळली तर भुईमुगाचं पाणी. गाठीची मुळं नसतील, उंदीर नसतील आणि पालेभाज्याच लावायच्या असतील, तर सरळ भुईमूगच घ्या, निंबोळीची वाट बघू नका.

आणि जून-जुलैत अंगणातल्या किंवा रस्त्यावरच्या कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो झाडून कचऱ्यात टाकू नका. गर धुऊन सावलीत वाळवा, फोडून आतला मगज काढा. पन्नास ग्रॅम मगज कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवला की सकाळी गाळून माव्यावर फवारता येतो. फडक्यात उरलेला चोथा मी वांग्याच्या बुडाशी मातीत दाबतो.