डेटाचा डबा, पुढचा डॅशकॅम की दुहेरी कॅमेरा: ताफ्यासाठी काय घ्यावं?

गाड्यांच्या सुरक्षिततेवर खर्च करायचं ठरलं की विक्रेते तीन पर्याय पुढ्यात ठेवतात. नुसता ड्रायव्हिंगचा डेटा पाठवणारा टेलिमॅटिक्सचा डबा, रस्त्याकडे तोंड केलेला डॅशकॅम, आणि रस्त्यासोबत ड्रायव्हरलाही टिपणारा दुहेरी कॅमेरा. माहितीपत्रकं वाचली की तिसराच घ्यावासा वाटतो. माझ्या मते तो सरसकट घेण्यासारखा नाही.

डबा तिघांत स्वस्त. जीपीएसवरून वेग आणि ठिकाण, आतल्या सेन्सरवरून हिसके, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडला तर इंजिनचे फेरे आणि सीटबेल्टसुद्धा. चित्रीकरण नसल्याने ड्रायव्हरही फारशी कुरकुर करत नाहीत. तुमचं मुख्य दुखणं वेग असेल, तर एवढं पुरतं. ताशी ८० ऐवजी १०० किमीने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त असते, आणि हा फरक पकडायला कॅमेरा लागत नाही.

डबा तोकडा पडतो तो ब्रेकच्या नोंदींवर. समजा नोंद आली की वेग तीन सेकंदांत ताशी ६२ किमीवरून २० वर उतरला. म्हणजे साधारण ०.४ जी, गुरुत्वाकर्षणाच्या ओढीच्या ०.४ पट. अनेक यंत्रणा याला जोरदार ब्रेक म्हणून लाल खूण करतात आणि ड्रायव्हरचे गुण कापतात. व्हिडिओ पाहिला तर शेजारच्या लेनमधली कार कट मारून पुढे घुसलेली दिसते. याने वेळेत ब्रेक दाबला म्हणून धडक टळली. दुसऱ्या गाडीची नोंद आकड्यांत हुबेहूब तशीच, पण तिचा ड्रायव्हर पुढच्या ट्रकला जेमतेम सेकंदभराचं अंतर ठेवून चिकटलेला. पहिल्याला शाबासकी द्यायची, दुसऱ्याला समोर बसवून बोलायचं. नुसत्या आकड्यांवर चाललात तर दोघांना एकच मेमो जातो, आणि पहिला ड्रायव्हर त्या दिवसापासून यंत्रणेवर विश्वास ठेवत नाही.

म्हणून पुढचा कॅमेरा मला जवळजवळ प्रत्येक ताफ्यात हवासा वाटतो. विम्याच्या दाव्यात चूक कोणाची हे दाखवायलाही तोच कामी येतो. एक काळजी मात्र घ्या. सतत पुसून पुन्हा लिहिलं जाणारं मेमरी कार्ड झिजतं, बंद पडलं तरी बाहेरून कळत नाही, आणि नेमकं अपघाताच्या दिवशी ते रिकामं निघतं. कार्ड बिघडल्याची सूचना आपोआप कार्यालयात येते का, हे विकत घेण्याआधी विचारा.

आतला कॅमेरा जे दाखवतो ते बाकी दोघांना दिसत नाही: हातातला फोन आणि मिटणारे डोळे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने २००९ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार, ट्रक चालवताना मेसेज टाइप करणाऱ्याला अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका सुमारे २३ पट होता. ताशी ८० किमीला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, त्यामुळे हे पटायला जड नाही. पण आपल्या तोंडावर दिवसभर कॅमेरा कोणाला आवडेल? शिवाय तो चुकतोही; काही गॉगल्सच्या काचांआडचे डोळे त्याला नीट दिसत नाहीत.

इथे एक मधला मार्ग आहे. युरोपीय संघात नव्या गाड्यांना चालकाच्या तंद्रीचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण त्याच नियमानुसार तिने माहिती साठवत बसायचं नाही, गाडीतल्या गाडीतच काम करायचं. म्हणजे केबिनमध्ये बीप वाजेल, कार्यालयात व्हिडिओ येणार नाही. ऐकायला उत्तम. फक्त बीपवर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न उरतो. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या अभ्यासात, धोकादायक ड्रायव्हिंग झालं की केबिनमध्ये पेटणाऱ्या नुसत्या दिव्याने, कोणताच उपाय न केलेल्या गटाच्या तुलनेत, लक्षणीय फरक पडला नाही. पर्यवेक्षकाने व्हिडिओ दाखवून समजावल्यावर मात्र पडला. तो दिवा हिसक्यांवर पेटायचा, तंद्रीवर नाही, हे खरं. तरी इशारा आला की सवय बदलते असं कोणी सांगितलं तर हा अभ्यास आठवावा.

तेव्हा किंमत विचारण्याआधी आपल्याकडे बघा. दर आठवड्याला क्लिप पाहून ड्रायव्हरशी बोलेल असा, स्वतः गाडी चालवलेला माणूस आहे का? नसेल तर डबा आणि पुढचा कॅमेरा घ्या, आतल्याचे पैसे वाचवा. असेल, आणि गाड्या रात्रीच्या किंवा लांब पल्ल्याच्या असतील, तर दुहेरी घ्या. मात्र क्लिप कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला असताना कॅमेरा बंद असणार का, हे बसवण्याआधी लेखी ठरवा.

विक्रेत्याला आणखी दोन गोष्टी विचाराच. गुण दर १०० किमीमागे काढतात की नुसत्या घटना मोजतात? नुसत्या मोजत असतील तर सर्वांत जास्त चालणारा माणूस यादीत कायम वाईट दिसेल. आणि करार संपल्यावर जुना डेटा आणि व्हिडिओ तुमच्या हाती मिळणार का?