आकस्मिक प्रक्षोभ आणि ‘ताबा सुटणे’: भारत व इंग्लंड

कुणी डिवचल्याने रागाच्या भरात जीव घेतला, असा बचाव भारतात आणि इंग्लंडमध्ये घेता येतो; भारतात त्याला ‘आकस्मिक प्रक्षोभ’ म्हणतात, इंग्लंडमध्ये ‘ताबा सुटणे’. दोन्हीकडे या बचावाने आरोपी सुटत नाही. खुनाऐवजी त्याहून कमी गंभीर गुन्हा ठरतो: आपल्याकडे सदोष मनुष्यवध, इंग्लंडमध्ये मॅनस्लॉटर. खरा फरक वेळेचा. आपल्याकडे प्रक्षोभ गंभीर आणि आकस्मिकच लागतो. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी प्रकरणात नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या; पत्नीने दिलेली संबंधांची कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते. डोकं शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरवलं. जन्मठेप कायम राहिली.

इंग्लंडने २००९ च्या कायद्यात आकस्मिकतेची अट काढली. वर आणखी एक: जोडीदाराचा व्यभिचार एवढंच कारण चालत नाही. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या बाईचा उद्रेक तासांत मोजणं अन्यायाचंच, म्हणून मला ही वाट पटते. आपल्या भारतीय न्याय संहितेत (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात), कलम १०१ मध्ये, आकस्मिकतेची जुनी अट तशीच आहे.