कापडी डायपर: चिपळूणच्या पावसात अकरा महिने

आमची लेक फेब्रुवारीत झाली. म्हणजे लंगोट वाळवायला आधी साडेतीन महिने कडक ऊन आणि मग चार महिने चिपळूणचा पाऊस. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. डायपर घ्यायच्या आधी मी जे वाचलं, त्यात सगळी चर्चा ‘किती शोषतं’ यावरच. अकरा महिन्यांनी मला कुणी विचारलं तर मी आधी विचारेन, तुमच्याकडे वाळतं किती वेळात?

घरात जमलेला माल असा: जुन्या साड्या आणि धोतरं फाडून सासूबाईंनी शिवलेले नाडीचे लंगोट, मोजलेच नाहीत, तीसेक असतील. मलमलचे चौकोन 24. वरून घालायची वॉटरप्रूफ कव्हरं 4. भेट आलेली पॉकेट डायपर 6, आतल्या खिशात भरायचे मायक्रोफायबरचे (बारीक कृत्रिम धाग्याचे) इन्सर्ट, म्हणजे शोषणारे पॅड. टिचबटणांनी पॅड लावायची, जरा महागातली 3. आणि ‘ऑल-इन-वन’ 2, म्हणजे शोषणारे थर आतच शिवलेले, काही जोडायचं-काढायचं नाही. दिसायला सगळ्यांत देखणी हीच.

पहिले दोन महिने नाडीच्या लंगोटांना तोड नव्हती. बाळ 2.7 किलोचं, मांड्या काडीसारख्या. पाकिटावर ‘5 ते 17 किलो’ लिहिलेलं पॉकेट डायपर तिला घातलं तर जांघेतून दोन बोटं आत जातील एवढी फट. टिचबटणं शेवटच्या घरात लावूनही तेच. लंगोटाचा तोटा सगळ्यांना माहीत आहे: शू झाली की लंगोट, दुपटं, खालची घडी, सगळंच ओलं. पण कळतं लगेच, बदललं जातं लगेच, आणि त्या दोन महिन्यांत तिला एकदाही पुरळ आलं नाही. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट व्हायचे. एप्रिलच्या उन्हात पहिला दोरीवर टाकून शेवटच्याकडे जाईपर्यंत पहिला वाळायला लागलेला असायचा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचे पिवळे डाग धुऊन जात नाहीत म्हणून मी घाबरले होते. ओला लंगोट तसाच उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत डाग फिकट होतात, दोन-तीन दिवसांत जातात. ऊन हे फुकटचं ब्लीच आहे, हे आई (म्हणजे सासूबाई) रोज ऐकवायच्या.

तिसऱ्या महिन्यात तिचं अंग भरलं आणि पॉकेट डायपर सुरू केली. पहिल्याच दिवशी तीनपैकी तीन गळली. मी कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण चूक घरातच होती. नवऱ्याने, वास छान यावा म्हणून, शेवटच्या पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनर टाकलं होतं. बहिणीने फोनवर सांगितलं, कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून बघ. टाकला. अळवाच्या पानावर राहावा तसा तो टपोरा थेंब आतल्या फ्लीसवर, म्हणजे अंगाला लागणाऱ्या मऊ अस्तरावर, बसून राहिला. बोटाने ढकलला तर घरंगळला. सॉफ्टनर धाग्यांवर चढतं आणि कापड पाणी पीतच नाही. नुसत्या गरम पाण्यातून चार-पाच वेळा काढल्यावर थेंब आत जायला लागला. रॅशची दाट पांढरी क्रीमही तेच करते. ती लावायची वेळ आली तर मध्ये मलमलची पट्टी घालावी. नवं सुती पॅडही पाच-सहा धुण्यांपर्यंत नीट शोषत नाही, कारण कोऱ्या कापसात तेलकटपणा असतो. हे पाकिटावर बारीक अक्षरात असतं, वाचत कोणी नाही. मीही वाचलं नव्हतं.

मायक्रोफायबरबद्दल एक महत्त्वाचं. पटकन वाळतं, स्वस्त असतं, पण थेट अंगाला लावायचं नाही. फ्लीसच्या आतच राहायला हवं. कंटाळा आला म्हणून मी एकदा इन्सर्ट खिशात न भरता वरच ठेवलं. ते कातडीचाही ओलावा ओढून घेतं. संध्याकाळी बाळाच्या ढुंगणावर खरखरीत लाल चट्टे. आणि ते दाबलं की गळतं, ओल्या स्पंजवर बसल्यासारखं. लेक मांडीवर उताणी असेपर्यंत ठीक होतं. पालथी पडून पोटावर सरकायला लागली तशी पुढून झबली भिजू लागली.

मग जून आला.

पडवीत वलणी आहे, पंखा आहे, तरी जुलैत एका आठवड्यात ऊन असं दिसलंच नाही. तेव्हा कोणाची खरी लायकी काय ते कळलं. मायक्रोफायबरचं इन्सर्ट पंख्याखाली रात्रभरात वाळायचं. मलमलचा चौकोन उलगडला की एकपदरी, त्यामुळे तोही सकाळी कोरडा. बांबूच्या धाग्याच्या कापडाचं इन्सर्ट दीड दिवस. टिचबटणांची पॅडं, चार-पाच पदर एकत्र शिवलेली, दोन दिवस. ऑल-इन-वन तिसऱ्या दिवशीही शिवणीजवळ गार लागायचं. साहजिक आहे: एका बाजूला वॉटरप्रूफ थर, तिकडून वाफ जायला वाटच नाही. वरून कोरडं समजून घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर तो कुबट वास. ती दोन्ही मी जुलैत बांधून माळ्यावर टाकली ती दिवाळीला काढली.

त्या आठवड्यात आईंनी शेगडी काढली. निखाऱ्यावर राख पसरायची, वर बांबूची मोठी टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर लंगोट पसरायचे. निखाऱ्यात चिमूटभर ओवा आणि बाळंतशेपा. अर्ध्या तासात लंगोट खडखडीत, वर घरभर तो वास. शेजारी माणूस बसलेलं हवं, एवढीच अट. मला हुरूप आला आणि आई देवळात गेल्यावर मी एक कव्हर त्या टोपलीवर टाकलं. ही कव्हरं म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला; त्याला इतकी धग सोसत नाही. पापुद्रा दुधाच्या सायीसारखा सुरकुतला आणि सुटला. चारशे रुपये गेले. आईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ह्याला कुठे ऊब द्यायची असते, हे तर प्लास्टिक आहे.”

ड्रायर घ्यावा का, यावर आमच्याकडे दोन रात्री चर्चा झाली. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2008 मध्ये केलेला हिशेब तेव्हा माझ्या वाचनात आला. सरासरी वापरात, अडीच वर्षांत, फेकायच्या डायपरांचं कार्बन उत्सर्जन 550 किलो आणि कापडीचं 570. म्हणजे कापडी उलट जरा जास्तच! तीच डायपर भरलेल्या मशीनमध्ये धुतली, दोरीवर वाळवली आणि दुसऱ्या बाळालाही वापरली तर मात्र आकडा बराच खाली येतो. ड्रायर रद्द झाला. खरं सांगायचं तर पर्यावरणापेक्षा विजेच्या बिलाने निकाल लावला.

पावसाळ्यापासून आमची घडी बसली ती अशी: दिवसा मलमलचा चौकोन, घडी घालून पट्टी केलेला, कव्हरच्या आत ठेवायचा. शू झाली तर फक्त पट्टी बदलायची, कव्हर पुसून परत तेच. शी लागली तरच कव्हर धुवायला. दोन-अडीच तासांनी बदलायचंच, कोरडं वाटलं तरी. आईंचा एक आक्षेप होता, एवढ्या जाड घडीने पोरीचे पाय फाकतील. लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, मांड्या बाहेरच्या बाजूला राहणं खुब्याला चांगलंच असतं. त्यानंतर तो विषय बंद झाला.

रात्रीसाठी पॉकेट डायपर, आत दोन इन्सर्ट: वर मायक्रोफायबर, खाली बांबू. मायक्रोफायबर झटकन ओढतं, बांबू सावकाश पण जास्त धरून ठेवतं. उलटं लावलं तर पहाटे तीनला चादर बदलायची तयारी ठेवावी. नोव्हेंबरात या रात्रीच्या इन्सर्टना डोळ्यांत जाईल असा अमोनियाचा वास यायला लागला. रात्रभर मुरलेलं दुपारपर्यंत बादलीत तसंच पडायचं म्हणून. उठल्या उठल्या मोरीत नळाखाली पिळून ठेवायचं, एवढ्याने वास गेला.

सहाव्या महिन्यानंतर, नाचणीसत्त्व आणि मऊ भात सुरू झाला की, शीचं रूप बदलतं. याबद्दल फार लिहीत नाही. संडासात जेट स्प्रे बसवून घ्या.

प्रवासाला आम्ही फेकायचीच वापरतो. कुंभार्ली घाटात एसटी थांबवून कोण लंगोट धुणार? पुण्यात बहिणीकडे गेलं की ती वापरलेलं डायपर जुन्या कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढते, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना हाताने उघडून बघावं लागत नाही. आता इथेही मी तसंच करते.

खर्च: सगळं मिळून माझे साधारण 5,500 रुपये गेले, त्यात ते जळकं कव्हर आलं. सगळ्यांत जास्त पैसे टिचबटणांच्या तिघांत गेले आणि पावसाळ्यात त्यांचा वापर मात्र फारच कमी झाला. थंडीत आणि उन्हाळ्यात ती झकास आहेत, गळत नाहीत, बाळ सांभाळणाऱ्या कोणालाही लावता येतात. सोलापुरात राहत असते तर मी तीच आणखी घेतली असती.

नणंदेचे दिवस जूनमध्ये भरतायत. काय काय घेऊ म्हणून तिचा फोन आला होता. मलमलचे चौकोन 30, कव्हरं 6, रात्रीसाठी पॉकेट 3, एवढंच सांगितलं. ऑल-इन-वन दोन पडून आहेत, हवी तर दसऱ्यानंतर ने म्हटलं. लंगोटांचं विचारायलाच नको, आईंनी धोतरं फाडायला घेतली आहेत. परवा बुरुडाकडून नवी टोपलीही आणली.