'१९७३ सालचा' पुएर आणि माझे ९,८०० युआन

नऊ हजार आठशे युआन. सात चकत्या, एकेक १,४०० ला. आपल्या पैशात लाखाच्या वर. हे लिहिताना अजून कान तापतात. पण कामानिमित्त ग्वांगझूला येणारी आपली माणसं हल्ली परत जाताना पुएर घेतात (दाबून चकत्या केलेला चिनी चहा, जितका जुना तितका मोलाचा मानतात), म्हणून लिहितोय.

मी नवखा नव्हतो हो. इथे सहा वर्षं काढलीत. ग्वांग्शीचा ल्यूपाओ, हूनानमधल्या आनह्वाची फू चहाची वीट, युन्नानचा पुएर, सगळं रोज स्वतः करून पितो. ल्यूपाओतला सुपारीचा वास मी डोळे मिटून ओळखतो. तरी फसलो.

चहाबाजारातल्या त्या दुकानदाराने दोन तास चहा पाजला. आठ ग्रॅम पत्ती, खळखळ उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून दिलेलं. रंग गडद तांबडा पण नितळ, घशाला गोडसर, आठव्या पाण्यालाही अंगात जीव. तो चहा चांगलाच होता, हे मी आजही म्हणेन. पण तो निघाला सुट्या बरणीतून, आणि मला दिला बांबूच्या सालीत बांधलेला सात चकत्यांचा गठ्ठा. "उघडू नका, किंमत उतरेल." अहो, चाखलेली चकती आणि विकत घेतलेली चकती एकच असली पाहिजे! तुमच्यासमोर फोडून, त्याच चकतीचा चहा करून मागा. नाही म्हणाला तर उठा.

आता जे मनातून जात नाही ते सांगतो. तो म्हणाला, माल १९७३ चा. वरच्या चकतीच्या कागदावर आकडा होता ७५७२. या आकड्यातले पहिले दोन अंक म्हणजे ते मिश्रण ठरलं ते साल, १९७५. मग त्या मिश्रणाची चकती १९७३ ची कशी असेल? हे मला माहीत होतं! मी तो आकडा वाचला, मनात काहीतरी खटकलं, आणि तेवढ्यात त्याने पुढचा पेला भरला. शिवाय ढीग लावून, पाणी मारून पुएर लवकर पिकवायची पद्धतच कुनमिंगमध्ये १९७३ ला बसली. म्हणजे त्या सालचा खरा माल मोजकाच, तो असा १,४०० ला मिळतो का? त्याने आधी २,४०० सांगितले, मी घासाघीस केली आणि जिंकल्यासारखं वाटलं.

घरी पहिलीच चकती सोडली तर ओल धरलेल्या तळघराचा वास. चहा गढूळ, घसा खवखवला. पत्ती कोळशासारखी, तीन पाण्यांनंतरही उलगडेना. जुनी असली तरी चांगली पत्ती बोटांत मऊ लागते. कागदाखाली पिवळट केसाळ डाग होते. फोन केला तर म्हणे, "ती सोनेरी फुलं." सोनेरी फुलं म्हणजे एक चांगली बुरशी, फू चहाच्या विटेत ती मुद्दाम वाढवतात, आतपर्यंत बारीक दाणे दिसतात. ही ती नव्हती, साधी ओलीची बुरशी होती.

मग खेटे सुरू. बाजाराच्या ऑफिसात म्हणाले, पक्की पावती आणा. माझ्याकडे हाताने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर नुसतं 'चहा, ७'. साल नाही, आकडा नाही. (पावतीवर साल लिहून घ्या. लिहायला कचरला तर तिथेच समजा.) ग्राहक तक्रारीच्या फोनवर चाळीस मिनिटं, मग सांगितलं की दुकानदार समझोत्याला तयार नाही, आम्ही जबरदस्ती करू शकत नाही. पोलीस म्हणाले, हा तुमच्या दोघांतला व्यवहार आहे. पैसे मोबाइलवरून पाठवले होते, त्या कंपनीचं उत्तर, तुम्हीच पाठवलेत. चार ठिकाणी तीच हकीकत, मोडक्यातोडक्या चिनीत, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न: "तुम्ही तपासलं का नाही?" चोराला एकाने तरी विचारावं ना!

साडेतीन महिने झाले. एक युआन परत आलेला नाही. उरलेल्या सहा चकत्या पुरावा म्हणून जपून ठेवा, असं ऑफिसातून सांगितलंय. त्या कपाटात आहेत, आणि शेजारी ठेवलेल्या माझ्या चांगल्या ल्यूपाओलाही आता तोच कुबट वास येतोय.